शब्द मोठा, माल हलका

(न्हावा-शेवा इथे बंदरावरच्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललं तसं छापलं आहे.)



मला कवितेवर बोलायला सांगितलंय. मी एम. सी. स्टॅनच्या 'इन्सान' या अल्बमवर बोलणार आहे. कवितेवरच बोलतोय असं धरा. मागे बसलेले काही वडीलधारे आता भुवया चढवतील, चळवळीच्या बैठकीत हे रॅपचं काय खूळ? त्यांना माझं एकच सांगणं आहे, एकदा रात्रपाळीला आमच्याबरोबर यार्डात चला. ट्रेलरवाला गेटच्या रांगेत तासन्‌तास उभा असतो, लॅशिंगवाली पोरं जहाज लागायची वाट बघत बसलेली असतात, तिथे मोबाइलवर काय वाजतं ते ऐका. नामदेव ढसाळ वाजत नाही. वामनदादा चौदा एप्रिलला वाजतो, सहा डिसेंबरला वाजतो. उरलेलं वर्ष हा पुण्याचा पोरगा वाजतो. ज्याचे शब्द आपल्या पोरांच्या तोंडात आहेत त्याचा हिशेब आपण मागायचा नाही तर कुणी मागायचा? इंग्रजीत चकचकीत परीक्षणं लिहिणाऱ्यांनी? त्यांना ताडीवाला रोड नकाशात बोट ठेवून दाखवावा लागतो.

ताडीवाला रोड म्हणजे पुणे स्टेशनाच्या अंगाला, नदीच्या कडेला दाटलेली वस्ती. पुणं म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे सदाशिव पेठ आणि सवाई गंधर्व येतं त्यांच्या पुण्यात ही वस्ती नसते. तिथला अल्ताफ शेख. जन्म १९९९ चा. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या वयाचा. लहानपणी कव्वालीच्या नादाला लागलेला. २०१८ ला त्याचं 'वाटा' आलं, २०१९ ला 'अस्तग़फिरुल्ला' आलं आणि २०२० ला 'तडीपार' नावाचा अल्बम आला.

आता हा शब्द बघा. तडीपार. कुठल्या मराठी कवीने आपल्या पुस्तकाला हे नाव दिलं असतं? हा शब्द आपल्याकडे शब्दकोशातून येत नाही, चौकीतून येतो. १९५१ चा पोलीस कायदा आहे, त्याची ५५, ५६, ५७ ही कलमं. दोन वर्षांपर्यंत माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येतं. ५६ कलमाखाली तर कोर्टात गुन्हा शाबीत झालेला असावाच लागतो असंही नाही. साक्षीदार पुढे यायला घाबरतात असं कारण लिहिता येतं. निवडणूक आली की वस्तीत नोटिसा फिरतात. त्यात खरे दादा किती आणि मोर्चाला पुढे असणारी पोरं किती, हे ज्याच्या त्याच्या वस्तीला ठाऊक. आणि या शब्दाच्या पोटात आणखी जुना शब्द आहे: वेशीबाहेर. आपल्या आज्या-पणज्यांना कुणी नोटीस दिली नव्हती, त्या जन्मतःच गावाच्या तडीपार होत्या. विशीतल्या पोराने तो शब्द उचलला आणि बिल्ल्यासारखा छातीवर लावला. शिवी होती ती नाव झाली. आपल्या साहित्यात 'दलित' या शब्दाचं हेच झालं होतं, हे मी तुम्हाला नव्याने सांगायला नको.

म्हणून तो अल्बम चालला. नुसत्या तालावर चालला नाही. त्यात पत्ता होता. कुठली गल्ली, कुठलं घर, घरात काय शिजत नाही, बाहेर कोण टपून बसलंय, हे कळत होतं. भाषा म्हणाल तर हिंदी, मराठी, दखनी, सगळं एका पातेल्यात. 'नुस्ता', 'वाटा', 'येडा'. ती धुऊन-पुसून घ्यायला तो कुठल्या मास्तरकडे गेला नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे, शुद्धलेखनात माझे मार्क कापले गेलेत, मला त्या भाषेत श्वास घेता येत होता. गल्लीबाहेर काढलेल्या पोराने मुद्दाम गल्लीच्या भाषेत बोलणं, हीसुद्धा एक कविता असते.

२०२२ ला 'इन्सान' आला.

नाव ऐकलं तेव्हा आमच्या पाळीतल्या पोरांनी काम आटपून रात्री दोन वाजता ऐकायचा बेत केला होता. का नाही करणार? तडीपार झालेला माणूस पुढचं पाऊल टाकतो आणि म्हणतो, मी इन्सान आहे. याहून मोठं पाऊल कुठलं? आपण बसलोय तो रायगड जिल्हा. याच जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं की हे पाणी प्यायलो नाही तर मरू असं काही नाही. इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत हे ठरवायला त्या तळ्यावर जायचं आहे. म्हणजे 'माणूस' हा शब्द आपल्याला तळ्याच्या पायऱ्या उतरून, डोकी फोडून घेऊन मिळाला. बाबुराव बागुलांची १९६३ ची 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचा. तिथेही सगळा झगडा याच एका शब्दाचा. आपल्याकडे हा शब्द फुकट वापरायला मिळत नाही. त्याचं भाडं द्यावं लागतं.

आणि या पोराने एवढा मोठा शब्द दारावर लिहिला आणि दार उघडलं तर आत काय? पैसा. गळ्यातली साखळी. पायातला बूट. जळणारे लोक. दगा देणारी पोरगी. परत जळणारे लोक. गाणं बदलतं, ताल बदलतो, पण जळणारे तेच. कोण आहेत हे जळणारे? त्यांना तोंड नाही, घर नाही, जात नाही, धंदा नाही. 'तडीपार'मध्ये शत्रू कोण ते कळत होतं, कधी हवालदार, कधी गल्लीतलाच कुणी. 'इन्सान'मध्ये शत्रू म्हणजे मोबाइलवर वाईट लिहिणारा कुणीतरी. एवढ्या मोठ्या माणसाला एवढासा शत्रू? अधेमधे घराची आठवण येते, एखादी ओळ आतून येते, तेव्हा जुना पोरगा क्षणभर दिसतो. मी ते नाकारत नाही. उलट त्यामुळेच जास्त राग येतो. आवाज मेलेला नाही, दाबून ठेवलाय.

आवाजावरून आठवलं. 'इन्सान'बद्दल सगळ्यात जास्त तक्रार झाली ती ऑटोट्यूनची. हे यंत्र आलं कुठून ते सांगतो, मजेशीर आहे. अँडी हिल्डेब्रँड नावाचा अमेरिकन इंजिनियर तेल शोधायच्या धंद्यात होता. जमिनीत धक्का द्यायचा, उलट येणाऱ्या लाटा पकडायच्या आणि गणित मांडून खाली काय दडलंय ते सांगायचं. तसलंच गणित त्याने माणसाच्या गळ्याला लावलं आणि १९९७ ला ऑटोट्यून बाजारात आलं. दुसऱ्या वर्षी शेर नावाच्या गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्यात ते जगाने ऐकलं. उरणला ओएनजीसीत कामाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तुमच्या तेलाच्या आणि स्टॅनच्या गळ्याच्या मागे एकच डोकं आहे.

हे यंत्र करतं काय? दोन सुरांच्या मधे अडखळलेला आवाज उचलतं आणि जवळच्या नेमक्या सुरावर नेऊन बसवतं. मधलं सगळं पुसतं. यंत्रावर माझा राग नाही. अमेरिकेत टी-पेनसारख्याने त्याची पेटी केली, हातात घेऊन वाजवली. 'तडीपार'मध्येही ते होतंच, पण चवीपुरतं. 'इन्सान'मध्ये आवाज आत बुडतो आणि फक्त यंत्र वर तरंगतं. आपल्या जलशातला आवाज आठवा. विठ्ठल उमपांचा पहाडी गळा आठवा, प्रल्हाद शिंदेंचा आठवा. ते दोन सुरांच्या मधे जे करायचे तिथेच तर सगळं दुखणं भरलेलं असायचं. तिथे घसा बसलेला असतो, धूळ असते, उपास असतो. ते मधलं पुसून टाकायचं आणि वर नाव ठेवायचं 'इन्सान'? मला तर वाटतं, सगळ्या अल्बमात हीच एक गोष्ट खरी विनोदी आहे, आणि ती त्याने जाणून केलेली नाही.

आता आपल्यातलेच काही म्हणतील (कालच एक दोस्त चहाच्या टपरीवर तावातावाने म्हणाला), तुम्हा लोकांना गरीब पोरगा वर गेलेला बघवत नाही. त्याने आयुष्यभर फाटकीच चप्पल घालून गावं का? नाही भाऊ. घाल ना बूट. ऐंशी हजाराचा घाल. आपल्या बापाने, बाबासाहेबांनी, सूट घातला तेव्हाही कित्येकांच्या पोटात दुखलं होतं. आपण अंगावर चांगलं घालणं हेच मुळात बंड होतं या देशात. साखळीचा प्रश्नच नाही. प्रश्न हा आहे की बाबासाहेबांच्या सुटाच्या आत संविधान लिहिणारा माणूस होता, आणि इथे साखळीच्या आत फक्त साखळीबद्दलचं गाणं आहे.

दुसरा एक प्रश्न जास्त अवघड आहे, तो मी टाळत नाही. तो दलित नाही, मुसलमान घरातला आहे. त्याने चळवळीचं ओझं घेतो असं कधी कबूल केलं नव्हतं. मग तुम्ही त्याला महाडच्या मापाने का मोजता? बरोबर आहे. त्याने निळा झेंडा हातात घेतला नाही म्हणून मी त्याला बोलत नाही. घेतला असता आणि गाणी अशीच असती तर जास्त बोललो असतो. मी त्याला त्याच्याच शब्दाने मोजतोय. त्याने अल्बमचं नाव 'बूट' ठेवलं असतं तर मी आज इथे उभा नसतो. ताडीवाला रोडवरचा मुसलमान पोरगा २०२२ च्या हिंदुस्थानात म्हणतो 'इन्सान'. त्या वर्षी, त्या नावाच्या पोराच्या तोंडात या शब्दाला किती धार येऊ शकत होती! त्याच्या मोहल्ल्याला रोज माणूसपणाचा दाखला मागितला जातोय. त्याने एक गाणं केलं असतं, नुसतं स्वतःच्या घराच्या दारावरचं नाव घेऊन, तरी पुरलं असतं.

आणि बाई. त्याच्या गाण्यांत बाई येते ती एक तर आई, नाही तर शिवी. यावर आपल्या पोरांना हसू येतं, मी बघितलंय. मार्च २०२३ मध्ये इंदूरला करणी सेनेची माणसं त्याच्या स्टेजवर चढली, कार्यक्रम बंद पाडला, म्हणे गाण्यात शिव्या आहेत, बायकांचा अपमान आहे. करणी सेनेला बायकांचा कळवळा! हे ज्याला खरं वाटतं त्याने हात वर करा. त्या दिवशी आपण स्टॅनच्या बाजूचे, त्यात दुमत नाही. लाठी घेऊन गाणं बंद पाडणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहणार नाही. पण ते गेल्यावर, आपल्या आपल्यात, दार लावून, त्याला विचारायचंच: तुझ्या इन्सानात बायका येतात की नाही? त्याच महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब बायकांची वेगळी सभा घेऊन त्यांच्याशी बोलले होते. आपल्या माणसाच्या व्याख्येत त्या पहिल्या दिवसापासून आहेत. ज्या पोरी सीएफएसच्या गोदामात आपल्याबरोबर माल निवडतात, त्या त्याचं गाणं लागलं की कानात बोंडूक घालतात, हे टीकाकाराच्या दहा पानांपेक्षा मोठं परीक्षण आहे.

मग झालं काय या पोराचं? विकला गेला, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी बंदरावरचा माणूस, मला दुसरंच दिसतं. २६ एप्रिल १९५६ ला न्यू जर्सीच्या नेवार्कहून 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ डबे घेऊन ह्यूस्टनला निघालं. तिथून कंटेनरचा धंदा सुरू झाला. डब्याची कमाल काय? आत काय आहे ते हमालाला कळायची गरज नाही. पोतं होतं तेव्हा वास यायचा, मिरची आहे की गूळ आहे की मासळी. खांद्याला कळायचं. डब्याला वास नाही, गाव नाही, त्याला नंबर आणि सील. शांघायला उतरवा, रॉटरडॅमला उतरवा, न्हावा-शेव्याला उतरवा, सारखाच. या डब्याने न्यूयॉर्कचे मॅनहॅटन-ब्रुकलिनचे धक्के ओस पाडले, काम खाडीपलीकडे न्यू जर्सीत गेलं. मुंबईच्या गोदीचं काम असंच खाडी ओलांडून इकडे आलं, आपलं बंदर १९८९ ला सुरू झालं. आणि त्याच न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉन्क्सच्या मोडक्या इमारतींत, ११ ऑगस्ट १९७३ ला कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्या फिरवल्या, तिथून हिप हॉप धरतात. इकडे वर्षभर आधी, १९७२ ला, मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती, ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. दोन्हीकडे जे बाहेर पडलं त्याला वास होता. कुठल्या गल्लीतून आलं ते नाकाला कळत होतं.

'इन्सान' हा डबाबंद माल आहे. अटलांटात ऐका, दुबईत ऐका, लोणावळ्याच्या बंगल्यात ऐका, कुणालाच कुठे टोचणार नाही. तोच ताल, तोच गोड केलेला गळा, तेच जळणारे लोक. ज्याला जगभर जायचंय त्याने गल्ली सोडावी लागते असं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. साफ खोटं आहे ते. ब्रॉन्क्स जगभर गेलं ते ब्रॉन्क्स राहून गेलं.

आणि या व्यवहारात आपला वाटा आहे, तोही बोलू. फेब्रुवारी २०२३ ला तो 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम जिंकला. ३१ लाख ८० हजार आणि गाडी. मतं कुणी दिली? वस्त्यांनी. रात्र-रात्र जागून पोरांनी मतं टाकली, आपल्यातला कुणीतरी त्या काचेच्या घरात शहाण्या-सुरत्यांच्या नाकावर टिच्चून बसलाय याचा आनंद होता. तो आनंद खरा होता, मी त्याला हसणार नाही. पण आपण मतं माणसाला दिली, गाण्याला दिली नाहीत. गाणं वाईट आलं तरी आपण ते कोटी-कोटी वेळा वाजवलं. मग दुकानदाराने माल कशाला बदलावा?

भीमगीतांचं आपण हेच केलं नाही का? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे उभं राहून सांगा, शब्द ऐकू येतात का? वामनदादांनी खेड्यापाड्यांत पायपीट करून जे शब्द पेरले ते त्या धडधडीत कुठे जातात? तिकडेही छाती हादरते, डोकं हादरत नाही. स्टॅनला ऑटोट्यूनवरून बोलणाऱ्याने आपल्या मंडळाच्या साउंडवाल्यालाही दोन शब्द सांगावेत. असो. हा विषय काढला की मंडळवाले माझ्याशी बोलत नाहीत.

मग कुणाला ऐकायचं, असं विचाराल. एप्रिल २०२३ आठवा. संभाजीनगरकडच्या राज मुंगासेने सरकारमधल्या फुटीरांवर, खोक्यांवर एक रॅप केलं. साधा व्हिडिओ. अंबरनाथला गुन्हा दाखल. त्याच दिवसांत मुंबईत उमेश खाडेने 'भोंगळी केली जनता' काढलं, त्याच्यावर वडाळ्याला गुन्हा. ती गाणी काही फार घडवलेली नाहीत. ताल बाजारातला, यमकं जुळवलेली. मी कवी म्हणून त्यांच्यात दहा चुका काढीन. पण पोलिसांना ती समजली! 'तडीपार' हा शब्द खऱ्या अर्थाने त्या पोरांच्या दाराशी येऊन उभा राहिला होता, त्यांनी तो अल्बमवर छापलेला नव्हता.

'स्वदेशी'ची पोरं ऐका. आरेच्या जंगलातल्या आदिवासी पाड्याचे प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन त्यांनी 'वारली रिव्होल्ट' केलं. पाड्याच्या माणसाचा आवाज त्याच्याच चालीत ठेवला, त्यावर ताल चढवला, आवाज घासून गुळगुळीत केला नाही. त्यांच्यातला धर्मेश परमार, एम. सी. तोडफोड म्हणायचे त्याला, गुजरातीत रॅप करायचा. 'गली बॉय'च्या 'इंडिया ९१' मध्ये त्याचा आवाज आहे. मार्च २०२२ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. ज्या वर्षी 'इन्सान' आला त्याच वर्षी. ज्यांना माहीत नाही त्यांनी आज रात्री ऐका, मोबाइलचा डेटा तेवढा तरी शिल्लक ठेवा.

आणि इथलं गाणं अजून कुणी केलेलंच नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उठला, जासईला, पागोट्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यातून साडेबारा टक्क्यांचा भूखंड आला. पण तो सातबारावाल्याला. ज्याच्या नावावर गुंठा नव्हता, जो दुसऱ्याच्या शेतात आणि मिठागरात राबत होता, त्याला काय मिळालं? त्याचा नातू आज ठेकेदाराचा पास गळ्यात घालून गेटवर उभा आहे. हनुमान कोळीवाड्याची घरं वाळवीने खाल्ली. यातलं कुठलंही एक उचला. यमक नंतर बघू.

स्टॅन अजून तरुण आहे, उद्या परत गल्लीत येईल, येवो. आपण काय त्याच्यासाठी रांगेत उभे राहणार नाही. ज्यांना 'इन्सान' आवडला त्यांनी आता उठून भांडावं, मी बसतो. आधी सेकंड पाळीवाल्यांनी बोला, त्यांची गाडी करळ फाट्याला वेळेवर येते. आणि परवा वहीत लिहिलेलं रॅप जो दाखवत होता त्याने ते वाचून दाखवावं, लाजू नये. मोबाइलवर चाल लावलीय म्हणाला होता, ती नको. आधी नुसतं तोंडाने म्हण.